धुरकट मोहा

मी मालवाहू जहाजावर नोकरीला होतो. एक्क्याण्णव साली सुट्टीत एटापल्लीला आलो आणि स्कॉटलंडहून आणलेली सिंगल माल्ट व्हिस्कीची बाटली घेऊन थेट गोकुळाबाईकडे गेलो. सत्तरीच्या या बाईसारखी मोहाची दारू अख्ख्या तालुक्यात कोणी काढत नसे. पावसात भिजलेला मोहा तिनं चुलीवर वाळवला होता. त्याला धूर लागला, म्हणून चिडून ती तो अंगणात बैलांसाठी पोत्यात भरत होती.

मी ओतून दिलेल्या व्हिस्कीचा तिनं पानाच्या द्रोणातून घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हिलेबी धूर लागला."

मी थक्क झालो. "त्याइचे जव आगीवरच वाळवतेत, दलदलीतली माती जाळून. मंग दारू बारा वर्सं लाकडी पिंपात ठेवतेत. आमचं जहाज ह्या दारूचे खोके जपानपर्यंत नेते."

"तिकडं ऊन नसन," ती म्हणाली. दुसरा घोट तिनं बराच वेळ तोंडात धरला. "खोट होती, थेच त्याइनं मिरवली. मानलं बाप्पा."

मग तिनं ते पोतं मला परत घरात ओढायला लावलं आणि स्वतः मोठा माठ धुवायला घेतला.

"आता बारा वर्सांनं ये," ती म्हणाली.