ओली पट्टी

पाळणाघराचा नियम एकच, आणि तो मुलं सांभाळणाऱ्या ताईंनी स्वतः घालून दिलेला. ज्याने दुखावलं, त्याने दुखऱ्या जागी कापडाची ओली पट्टी धरून बसायचं आणि रडणारा ‘पुरे’ म्हणेपर्यंत उठायचं नाही. ओरडा नाही की कान पिरगाळणं नाही. ताईंना त्या नियमाचा कोण अभिमान! पाळणाघराच्या मालकीणबाई म्हणायच्या, “पोरं जन्मतःच सैतान असतात.” तसं म्हटलं की ताईंचं डोकं फिरायचं.

“वाईटपणा पोरं घेऊन येत नाहीत, बाई. आपण शिकवतो.”

“मग मुंगळ्याला कोणी शिकवला?”

मुंगळा ही चार वर्षांची मुलगी. एकदा दात रोवले की सोडायची नाही, म्हणून हे नाव पडलं. तिची आई शहरात बस चालवायची आणि मुलीला ठेवायला तिला दुसरीकडे थारा नव्हता. बाईंनी तिला बजावलंच होतं, आता एकदा जरी चावली तर उद्यापासून आणू नका. तेव्हापासून मुंगळा अगदी शहाण्यासारखी वागत होती.

आणि आज दुपारी झोपेच्या वेळी पडद्यामागून सगळ्यात धाकट्या मुलाने टाहो फोडला. ताई धावल्या. पोराच्या दंडावर दातांचा लालबुंद ठसा होता. पुढच्या एका दाताची जागा कोरी. पायऱ्यांवरून पडून पुढचा दात अर्धा तुटलेली मुलगी पाळणाघरात एकच होती, त्यांची स्वतःची टिकली. ती चादरीत तोंड खुपसून झोपेचं सोंग घेत होती.

“मुंगळाच ना?” बाई दारातून म्हणाल्या.

ताईंनी ‘हो’ म्हटलं नाही. एवढं त्यांनी नंतर स्वतःला शंभरदा बजावलं. त्यांनी फक्त पोराची बाही खाली ओढली.

मुंगळा उठून बसली. “मी नाही चावले,” ती म्हणाली. कोणी काहीच बोलेना, तेव्हा सवयीने बादलीपाशी गेली, पट्टी पिळली आणि येऊन पोराच्या दंडावर धरून बसली.

उरलेली दुपार ताईंना कुठेच बसवेना. घडी केलेल्या चादरी उलगडून त्यांनी पुन्हा घड्या केल्या. दूध उतू घालवलं. नोकरी आहे म्हणून टिकली इथे फुकट राहते, नोकरीच गेली तर दोघींनी जायचं कुठे? आणि मुलांना काय लक्षात राहतं, उद्या विसरतील सगळी! मग मुंगळ्याच्या आईची बस आठवायची आणि मनाने रचलेलं सगळं कोसळायचं. स्वतःची चीड येत होती, टिकलीची तर त्याहून जास्त. हिच्यात हे आलं कुठून? बापावर गेली असेल. बाप बिचारा मेल्यावरही उपयोगी पडत होता.

संध्याकाळी चपला घालताना टिकली त्यांच्या कानाशी आली. चेहरा अगदी निष्पाप.

“आई, परत चावलं तर चालेल ना?”

“काय?”

“पट्टी तर मुंगळाच धरते.”

चावले होते ते नुसते दात. बाकीचं सगळं तिला दुपारी, डोळ्यांदेखत, ताईंनीच शिकवलं होतं.

फाटकाशी बाई बसवाल्या आईला सांगतच होत्या, “उद्यापासून नका आणू.” त्या माउलीने वाद घातला नाही. खाकी शर्टाची बाही खालीवर करत नुसती उभी राहिली. ताई टिकलीचा हात धरून पुढे झाल्या.

“ती नाही चावली. माझी चावली. मला तेव्हाच कळलं होतं.”

बाई बघतच राहिल्या. “कळलं होतं? आणि दुपारभर गप्प बसलात?”

“बसले.”

मुंगळा आईचा हात सोडून आत पळाली. परतली ती ठिबकणारी पट्टी घेऊन. टिकलीने घाबरून हात पुढे केला. मुंगळ्याने तिच्याकडे पाहिलंही नाही, पट्टी ताईंच्या हातात दिली आणि समोर फाटकाच्या पायरीवर बसली.

नियम ताईंचाच. त्या गुडघ्यांवर बसल्या. पट्टी कुठे धरायची ते कळेना, म्हणून तिच्या छोट्या हातावर धरली. पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. बसवाली आई उभी होती, बाई उभ्या होत्या, टिकली डोळे फाडून बघत होती. आता ‘पुरे’ मुंगळ्याने म्हणायचं होतं, आणि ती म्हणत नव्हती.