माझ्या झाकणावरचे पेढे

मित्रांनो, मी एक जुनी फ्रोजनची मशीन आहे. धुळ्याच्या एका दवाखान्यात, ऑपरेशन थिएटरच्या भिंतीला लागून तपासणीची खोली आहे, तिच्या कोपऱ्यात मी उभी असते. दिसायला आइस्क्रीमच्या पेटीसारखी. पोटात उणे वीस अंश थंडी, त्या थंडीत एक धारदार पातं. पेशंट टेबलावर असतानाच त्याच्या गाठीचा तुकडा माझ्याकडे येतो. मी तो गोठवते, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापते. संघमित्रा मॅडम तो काप काचेवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि भिंतीपलीकडे कळवतात, गाठ साधी की कॅन्सरची. त्यावर सर्जन ठरवतो, काय ठेवायचं आणि काय काढायचं.

मला काही वाटत नाही. एवढ्या थंडीत वाटणार तरी काय? आठवतं मात्र सगळं.

मी आले तेव्हा नारळ फुटला, हार पडला, फोटो निघाले. मग सगळे मला विसरले. मला गार व्हायला तीन-चार तास लागतात, म्हणून मला कायम चालूच ठेवावं लागतं. पण खोलीत मोठं सॉकेट एकच, आणि धुळ्याचा उन्हाळा. माझी पिन निघाली, कूलरची लागली. कोणी काढली? नाव कोणाचं घेऊ? त्या हवेत सगळेच बसले. माझ्या झाकणावर डबे आले, हेल्मेट आलं, आंब्याची पेटी आली.

त्याच उन्हाळ्यात प्रशील आला. नरडाण्याच्या कारखान्यात कामाला, लग्न ठरलेलं. त्याच्या एका वृषणात वाटाण्याएवढी गाठ होती. काय, हसलात? हसून घ्या. प्रशीलही असंच कोणी हसेल म्हणून कित्येक महिने गप्प राहिला होता.

टेबलावर त्याला भूल दिली, जांघेत छेद घेतला, आणि सर्जन प्रेमराज सरांनी भिंतीतल्या खिडकीतून गाठीचा तुकडा पाठवला. "फ्रोजन करा, लवकर."

आमचे तंत्रज्ञ नूर महंमद भाऊ माझ्याकडे बघत राहिले. "सर, मशीन बंद आहे. गार व्हायला दुपार होईल."

"दुपारपर्यंत काय पेशंटला उघडा ठेवू? कॅन्सर असला तर? अख्खं वृषणच काढतो."

काढलं. आठवड्याने रिपोर्ट आला. साधी गाठ. तेवढी गाठ काढली असती तरी भागलं असतं.

आणि मित्रांनो, त्या पोराला काय सांगितलं माहीत आहे? "नशीबवान आहेस, कॅन्सर नाही निघाला. पेढे आण." त्याने आणले. कोणीतरी पुडा आत आणून माझ्याच झाकणावर ठेवला. सगळ्यांनी खाल्ले. खाताना कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

काही वर्षांनी प्रशील परत आला. उरलेल्या वृषणात गाठ. आता घरी बायको, शिल्पा. मूल अजून नाही. हेही गेलं तर मूल विसरायचं आणि जन्मभर इंजेक्शनं घ्यायची. त्याची आई कलाबाई दारात मॅडमची वाट अडवून उभी राहिली.

"ताई, एक तं गयी. आते हाई एकच शे. तिले राहू द्या."

"अक्का, बघितल्याशिवाय शब्द देत नाही," मॅडम म्हणाल्या. आत आल्या आणि स्वतःच्या हाताने कूलरची पिन उपटून माझी लावली. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं.

"मॅडम, इथं माणसं शिजतील," नूर महंमद भाऊ कुरकुरले.

"शिजू द्या. आणि हे हेल्मेट कोणाचं? उचला, नाहीतर तेच कापते."

सकाळी सरांनी रक्तवाहिनी मऊ पट्टीने बांधली, गाठ तेवढी अलगद सोडवली, बाजूचा थोडा भागही घेतला आणि हात बांधून थांबले. नूर महंमद भाऊंचा घाम टपकत होता आणि माझ्या पोटात तुकडा पांढरा पडत होता. माझं चाक फिरलं, पातं चाललं. काप काचेवर चढला. मॅडमनी एकदा बघितलं. काच सरकवून पुन्हा बघितलं.

"साधी गाठ, सर. बाजूचा भागही चांगला."

"नक्की?"

"नक्की."

"मग आत ठेवून शिवतो."

पुढे अख्ख्या गाठीचे काप तपासून केलेला पक्का रिपोर्टही तोच आला. प्रशील पुडा घेऊन आला. पुडा झाकणावर ठेवला आणि माझ्यावरून हात फिरवला.

"मॅडम, सर म्हणाले हिच्यामुळे वाचलं. ही मशीन नवी घेतली ना? मागच्या वेळी असती तर..."

नूर महंमद भाऊ काच पुसायला लागले. पुसलेलीच काच.

"नवी नाही," मॅडम म्हणाल्या. "तेव्हाही इथंच होती. बंद होती."

"बिघडली होती?"

"नाही. आम्हाला गरम होत होतं."

प्रशीलने पुडा उचलला, काखेत धरला आणि गेला. झाकणावर पुड्याचा चौकोन तेवढा कोरडा राहिला, भोवती दव.

मित्रांनो, तुमच्या अंगावर कुठेही गाठ लागली तर लाजू नका, त्याच दिवशी घरी सांगा. आणि मोठे होऊन माझ्यासारखीच्या खोलीत कामाला लागलात, तर मला हार नको, दसऱ्याला हळदीकुंकू नको. उकडलं तर खिडकी उघडा.

माझ्या पिनेला हात लावू नका.