दमियाना विहिरीत पडल्यानंतर

दमियाना विहिरीत पडली, मालिका संपली, आणि ते काम करणारी नटी जी गायब झाली ती झालीच. तिचं खरं नाव आमच्या आत्लिस्को गावात कुणाला आठवत नाही. सगळे दमियानाच म्हणतात. कुणी म्हणे ती मठात गेली, कुणी म्हणे अर्जेंटिनात एका गुरांच्या मालकाशी लग्न करून बसली. माझी सासू, दोन्या कूका, म्हणायची, "कुठे का असेना मेली, माझ्यासमोर आली तर थोबाड फोडीन." दमियानाने आंधळ्या बहिणीचं बाळ पळवलं होतं. मालिकेत. पण हा शेवटचा शब्द सासूबाई कधी जोडत नाहीत.

माझा मात्र तिच्यावर जीव होता. त्यामुळे गेल्या वर्षी समोरच्या घरात अमपारोबाई राहायला आल्या, आणि त्यांनी आमच्या बेकरीत "हा पाव आजचाच ना?" असं विचारताना डावी भुवई जराशी वर नेली, तेव्हा माझ्या हातातला चिमटा गळून पडला. पिकलेले केस, जाड चष्मा, सगळं वेगळं. भुवई तीच.

पण विचारायचं कसं? बाई कुणाला दाराच्या आत घेत नव्हत्या. मग मला तीन राजांचा सण आठवला. त्या दिवशी गल्ली जमून मोठा गोल गोड पाव कापते आणि त्यात चिमुकलं बाहुलं लपवलेलं असतं. ज्याच्या तुकड्यात ते निघेल, त्याने फेब्रुवारीत कांदेलारियाच्या सणाला सगळ्यांना घरी बोलावून तमाले, म्हणजे मक्याच्या पानात वाफवलेले पिठाचे उंडे, खाऊ घालायचे. यातून सुटका नाही. काही चिक्कू लोक बाहुलं गुपचूप गिळतात, ती गोष्ट वेगळी.

पाव आमच्याच भट्टीतला. बाहुलं मीच खालून खुपसलं आणि ताट असं फिरवलं, की ती बाजू बरोबर अमपारोबाईंच्या सुरीखाली यावी. त्यांनी तुकडा कापला, खाल्ला, वर गरम चॉकलेट प्यायल्या आणि खिन्न हसल्या. "माझ्या नशिबात कुठलं बाहुलं," म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. मला माहीत नसतं, तर मीही फसले असते. माझ्या अंगावर काटा आला. असं फक्त एकच बाई करू शकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बेकरीत आल्या. दुकानात कुणी नाही असं बघून त्यांनी बाहुलं काउंटरवर ठेवलं.

"गालात ठेवलं होतं. तू काल माझ्याकडे ज्या नजरेने बघत होतीस, त्यावरून कळलं, तू मला ओळखलंस. माझं चुकलं कुठे, लाला?"

"तुमचं काही चुकलं नाही. ते मीच तिथे ठेवलं होतं."

त्या हसल्या आणि पिठाच्या पोत्यावर बसल्या. "मालिका चालू होती तेव्हा मंडईत मला कुणी टोमॅटो विकेना. ते मी सोसलं. पण आईला पुरायला गेले, तर तिथे एका बाईने मला पर्सने बडवलं. कुठंय ते बाळ, म्हणाली. त्या दिवशी ठरवलं, पुरे. तेव्हापासून कुणी ओळखलं की बोचकं बांधते. हे गाव आवडलंय गं मला. तुझ्या सासूला कळलं तर हेही सुटेल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तमाले मी करते," मी म्हटलं आणि बाहुलं खिशात टाकलं.

त्यांनी हात पुढे केला. "दे इकडे. माझ्या तुकड्यात निघालंय. रिवाज तो रिवाज."

कांदेलारियाला सगळी गल्ली त्यांच्या घरात. भिंतीवर एकही फोटो नव्हता. सासूबाई दोन तमाले रिचवून टीव्हीवर घसरल्या.

"हल्लीच्या खाष्ट बायका कसल्या! नुसत्या किंचाळतात. दमियाना हळू बोलायची, आणि इथे माझ्या पोटात गोळा यायचा. ती गेल्यापासून कुणाचा मनासारखा रागच येत नाही बाई."

अमपारोबाई वाफाळतं पातेलं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. मग त्यांनी ते टेबलावर ठेवलं, चष्मा काढला. डावी भुवई चढली.

"आणखी एक घ्या ना, दोन्या कूका," त्या अगदी हळू म्हणाल्या. "विष फक्त हिरव्या चटणीतल्यांत घातलंय."

सासूबाई उठल्या, त्यांच्यापाशी गेल्या आणि त्यांनी हात उगारला. मी मधे पडायला धावले. पण हात अमपारोबाईंच्या गालावर टेकला आणि तिथेच राहिला.

"वाळलीस गं," सासूबाई म्हणाल्या. "बाळाचं नंतर बघते तुझ्याकडे. आधी सांग, तुला विहिरीतून वर कुणी काढलं?"

अमपारोबाईंचे डोळे भरून आले. हे काही नाटक नव्हतं.

"कुणी नाही. माझी मीच चढून आले."

"वाटलंच होतं मला," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पातेल्यातला हिरव्या चटणीचा तमाल उचलला.