उरलेलं

“आधी दहानं गुण, विठा. मग भाग घाल. नाहीतर हे मशीन उरलेलं गिळतं आणि ढेकरही देत नाही.”

उल्हासनगरच्या कॉम्प्युटर क्लासात जयदेवसरांनी बजावलेलं मनात घोळवत विठानं पडद्यावरची हिशेबाची शेल स्क्रिप्ट पुन्हा वर सरकवली. अंबरनाथच्या या केमिकल कारखान्यात ती सरांच्याच शब्दावर लागली होती. सर आता इथले कॉम्प्युटर विभागाचे साहेब.

प्लँटमधल्या तीन मापकांवर आज वायूचे आकडे होते पाच, सहा, सहा. बेरीज सतरा. तीननं भागून स्क्रिप्टमधल्या ‘एक्स्पर’ या आकडेमोडीच्या आज्ञेनं नुसते पाच ठेवले, वरचा अपूर्णांक टाकून दिला. मर्यादा पाचचीच. खाली छापलं गेलं, ‘सुरक्षित’.

काल संध्याकाळी शिरगावात तिच्या घरी शेजारच्या बनूवहिनी दारात येऊन बसल्या होत्या. “ह्यांचा खोकला थांबत नाही गं. फोरमन म्हणतो, धोंडिबा, मशीन सुरक्षित सांगतंय, तुझी नाटकं पुरे. तू मशीनवरच असतेस ना? खरं काय ते सांगशील?”

“सांगते, वहिनी,” देवापुढची वात सारता सारता विठा म्हणाली होती. दिव्यासमोर बोललेला शब्द तिनं कधी खाली पडू दिला नव्हता.

तिनं स्क्रिप्टची प्रत काढली. बेरजेला दहानं गुणलं, मग भागलं. छप्पन्न आले. त्यातला शेवटचा अंक वेगळा काढून त्याच्याआधी टिंब बसवलं. पाच पूर्णांक सहा. खाली ‘धोका’ उमटलं. प्रिंटरमधला कागद फाडून घेऊन ती लगबगीनं सरांच्या केबिनमध्ये गेली.

“सर, कुणीतरी दहानं गुणायला विसरलंय.”

सरांनी कागद पाहिला. उठून दार लोटलं.

“विसरलं नाही कुणी.”

विठा उभीच राहिली. “तुम्ही लिहिलंय हे?”

“प्लँट बंद झाला तर तुझी नोकरी राहील? माझी? आणि खोकला काय गं, इथल्या हवेत सगळ्यांनाच होतो.” कागदाची घडी त्यांनी खिशात घातली आणि खणातून डबा काढला. “घे, पेढा. धाकटी पहिली आली वर्गात. तुझ्या उपासाला चालतो.”

तिनं पेढा तळहातावर घेतला. मग टेबलाच्या कडेला, काचेवर अलगद ठेवला.

“आजचा उपास कडक आहे, सर.”

“बरं. ती प्रत पुसून टाक.”

“पुसते.”

तिनं पुसलीही. मग आपला जेवणाचा डबा पिशवीत घातला, खुर्ची आत सरकवली. गेटवर गळ्यातलं ओळखपत्र काढून वॉचमनच्या टेबलावर ठेवलं.

“काय ताई, आज हाफ डे?” सोमा वॉचमन हसला. “साहेबांना विचारलं का?”

“उरलेलं टाकायचं नाही, हे साहेबांनीच शिकवलंय,” ती म्हणाली.

धोंडिबा दुसऱ्या पाळीला घरून निघायच्या आत तिला शिरगावला पोचायचं होतं. तिनं पदर खोचला आणि स्टेशनचा रस्ता धरला.