ओगातांची झाडं

"मुळं न तोडता नाही का जमणार?" दमयंतीने मोडक्यातोडक्या जपानीत पुन्हा विचारलं.

मुकादमाने टोपी काढली, कमरेत वाकून माफी मागितली. अणुभट्टीच्या अपघाताला वर्ष उलटलं होतं. वाऱ्याबरोबर आलेलं विष अजून मातीच्या वरच्या थरातच होतं आणि तो थर खरवडून न्यायचा होता. अंगणातल्या त्सुत्सुजीच्या फुलझुडपांची केसांसारखी बारीक मुळंही तेवढ्याच खोलीवर पसरतात.

"अगं, आपली चैत्राली इथेच खेळते ना," तिचा नवरा चारुदत्त म्हणाला. सेंदाईच्या विद्यापीठातून तो आज मुद्दाम रजा घेऊन थांबला होता. "नवीन झाडं आणू आपण."

"आणशील रे. लावायला ओगाता आजोबा कुठून आणशील?"

या गावात आली तेव्हा तिला भाषा येत नव्हती, दिवस जाता जात नव्हता. शेजारच्या ओगाता आजोबांनी कुंपणावरून कलमं दिली. सकाळचं ऊन हवं, दुपारी झाडाची सावली हवी, हे त्यांनी हातवारे करून समजावलं. मुळांवर पाइनची वाळली पानं स्वतः अंथरली. "बर्फाने मरत नाहीत ही," ते म्हणायचे, "खोल पुरलीस तर मात्र गुदमरतील." मग त्सुनामीच्या त्या मार्चमध्ये ते किनाऱ्यावर बहिणीला भेटायला गेले आणि समुद्राने त्यांना नेलं. ते सापडले नाहीत. म्हणून त्यांच्या बायकोने, ओगाता आजींनी, अंत्यविधीही केला नाही. विषय निघाला, की त्या चहा आणायला उठत.

आज त्या कुंपणाशी येऊन उभ्या होत्या.

"काढू दे, दमयंती-सान. पोरीपेक्षा झाड मोठं नाही."

"मग मी काढते," दमयंती म्हणाली.

मुकादमाने फावडं दिलं. एकेक झुडूप चटईसारखं उचलून आलं. कळ्या टपोरल्या होत्या, आठवड्याभरात फुलल्या असत्या. सगळं काळ्या पोत्यांत गेलं.

"जरा थांबाल?" म्हणून आजी घरात गेल्या. परतल्या त्या काळ्या किमोनोत, सुतकाच्या. कामगारांनी न सांगता टोप्या काढल्या.

पोती घेऊन ट्रक हलला. आजी रस्त्याच्या कडेला खोल वाकल्या. दमयंतीला तिथली रीत ठाऊक नव्हती. तिने मातीने माखलेले हात जोडले.

ट्रक वळणाआड गेला, तरी आजी वाकलेल्याच होत्या.