चौथं पान

टकळीने कागद दोन्ही हातांनी धरला, घसा खाकरला आणि पहिलं वाक्य वाचलं.

"गुरुवारी ताईंनी मला मारलं."

छापखान्याच्या खोलीत गोल करून बसलेल्या मुलांची चुळबुळ थांबली. दाराशी रंध्याचं पातं पुसत बसलेल्या सुतारकाकांचा हात फडक्यासकट थबकला. मुलांमध्येच मांडी घालून बसलेल्या ताईंनी पाठ ताठ केली.

"मी कागद कापायच्या यंत्रात हात घातला होता. आत तुकडा अडकला होता. ताई धावत आल्या आणि त्यांनी माझ्या गालावर मारलं. मग त्या रडल्या. मी नाही रडले. ताईंचा हात नेहमी शाईने काळा असतो. तेव्हा तो धुतलेला होता. मला कुणीतरी विचारायला हवं होतं, पण कुणी विचारलं नाही, म्हणून लिहिलं."

कागदाची घडी घालून ती खाली बसली. ही पोरगी झोपेतही बोलते, असं तिची आई सांगायची. तिला हे नाव उगाच पडलं नव्हतं. एवढी बडबडी मुलगी इतकं मोजकं लिहिते, हेच ताईंच्या मनात आधी आलं. वर्षभरात तिने लिहिलेलं हे सगळ्यात चांगलं होतं. मग त्यांना उद्याचा दिवस आठवला.

उद्या सकाळी समिती येणार होती. शाळा चालू ठेवायची की तिला कुलूप लावायचं, हे त्या मंडळींच्या हातात होतं. मुलांनी स्वतः लिहिलेला, स्वतः अक्षरांचे खिळे जुळवून छापलेला ताजा अंक पाहायला आवडेल, असं त्यांनी आवर्जून कळवलं होतं. अंकाची तीन पानं छापून दोरीवर वाळत होती. चौथं तेवढं राहिलं होतं.

काय छापायचं ते मुलं हात वर करून ठरवत. मोठ्यांनाही एकेकच मत. मुलांनी लिहिलेलं मोठ्यांनी सुधारायचं नाही आणि दडवायचं तर मुळीच नाही, यावर ताईंनी शाळेबद्दल लिहिलेल्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण खर्ची घातलं होतं. ते पुस्तक वाचून लोक कुठून कुठून मुलं घेऊन येत. तुमच्याकडे मुलं डोक्यावर बसतात म्हणे, असं कुणी टोचून बोललं तर ताई हसून म्हणत, "बसू देत की. तिथून लांबचं दिसतं."

सुतारकाका सरकत सरकत त्यांच्या मागे येऊन बसले.

"यंत्र बिघडलं म्हणून सांगू?" ते कुजबुजले. "एक खिट्टी काढतो. परवा परत बसवतो."

"गप्प बसा हो, काका."

"मारलंत ते बरंच केलंत. पोरीची बोटं राहिली."

"तेही लिहिलंय तिने."

"लिहिलंय. पण ती माणसं दुसऱ्या ओळीपर्यंत पोचतील का?"

आपणही पोचलो नसतो, असं ताईंना वाटून गेलं.

सभा चालवायची पाळी चष्मिशची होती. ही शाळेतली सगळ्यात मोठी मुलगी, आणि नियमांच्या बाबतीत ताईंपेक्षाही कडक.

"कुणाला काही विचारायचंय?"

"दुखलं का?" एका लहानग्याने विचारलं.

"थोडंसं," टकळी म्हणाली. एरवी एवढ्या प्रश्नावर तिने अर्धा तास घेतला असता.

"हे वाचून ते लोक शाळा बंद करतील?" दुसऱ्याने विचारलं. टकळीला नव्हे, ताईंना.

"माहीत नाही," ताई म्हणाल्या. "आणि तो विचार तुम्ही करायचा नाही. लिहिलेलं कसं आहे, तेवढंच बघायचं."

"पण तुम्हाला चालेल का?"

"मला एकच मत आहे. तुमच्याइतकंच."

मुलांनी विचारलं होतं एक आणि ताईंनी सांगितलं भलतंच. मुलं काही खुळी नव्हती. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुढे कुणी काही विचारलं नाही.

"छापायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा," चष्मिश म्हणाली.

ताईंचं ठरलं होतं. हात वर करायचा. शाळा राहो नाही तर जावो, या लेखाला नाही म्हणून उद्या कुठल्या तोंडाने मुलांसमोर बसणार? पण आपण पहिला हात वर केला तर मुलं आपलं बघूनच हात वर करतील, मग ते त्यांचं मत कसलं? आधी दोन-चार हात वर जाऊ देत, मग आपला. विचार अगदी शहाण्यासारखा होता. त्या थांबल्या.

एकही हात वर गेला नाही.

मुलं त्यांच्याकडे बघत होती. चेहऱ्याकडे नव्हे, गुडघ्यावर ठेवलेल्या हाताकडे. ताईंना ते कळलं, आणि आता हा हात उचलायलाच हवा हेही कळलं. समितीतल्या कुणाचा तरी, न पाहिलेला, चौथ्या पानावर अडलेला चेहरा त्यांना दिसत होता. हात गुडघ्यावरच राहिला.

"नको म्हणणाऱ्यांनी," चष्मिश म्हणाली.

आधी सुतारकाकांचा हात वर गेला. मग लहानग्याचा, मग त्याच्या शेजारचीचा, मग भराभर सगळ्यांचे. टकळीने ताईंच्या गुडघ्याकडे एकदा शेवटचं पाहून घेतलं आणि आपलाही हात वर केला.

ताईंना हायसं वाटलं. अगदी खरं, डोक्यावरचं ओझं उतरावं तसं हायसं वाटलं, आणि पाठोपाठ इतकी लाज वाटली की त्यांना मान वर करवेना.

"टकळे, हात खाली घे," त्या म्हणाल्या. "तू मनापासून नाही..."

"मत देऊन झालं, ताई," चष्मिशने अडवलं. "झालेल्या मतावर बोलायचं नाही. तुमचाच नियम आहे."

नियम ताईंचाच होता.

"मग चौथ्या पानाचं काय?" कुणीतरी म्हणालं.

"मी देते लिहून," टकळी म्हणाली. "आत्ता देते."

ती खिडकीशी जाऊन कट्ट्यावर ओणवी झाली. एरवी तिचं लिहिणं म्हणजे पेन्सिल चावणं, खोडणं, मध्येच उठून सगळ्यांना सतावणं. आज तिने न थांबता लिहिलं. मुलांनी हात उचलून ते पसंतही केलं. मग ती आणि चष्मिश खणांतून खिळे वेचून ओळी जुळवू लागल्या. सुतारकाका रुळाला शाई लावायला धावले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता आणि ते एक जुनं गाणं गुणगुणत होते.

कच्चा छाप निघाला. तो तपासायचं काम ताईंचं. त्यांनी कागद उजेडाशी नेला.

'आमच्या शाळेत आम्ही हवं ते लिहितो. ताई आमचं सगळं ऐकून घेतात. आमच्या शाळेत कुणीही कुणाला मारत नाही. आम्हाला शाळा खूप आवडते.'

ताई पेन्सिल घेऊन एकेका ओळीवरून फिरल्या. कुठे काना सुटलेला असेल, एखादा खिळा उलटा बसला असेल, काहीतरी सापडेल आणि हे पान थांबेल, म्हणून शोधत राहिल्या. चूक एकही नव्हती.

टकळी शेजारी येऊन उभी राहिली. बोटं शाईने माखलेली होती, म्हणून तिने हात अंगापासून लांब धरले होते.

"समितीला आवडेल ना, ताई?"

ताईंनी तिच्या गालाकडे पाहिलं. गुरुवारचं तिथे काहीच राहिलं नव्हतं.

"आवडेल," त्या म्हणाल्या.

टकळीने मान डोलावली आणि यंत्राकडे वळून ओरडून सांगितलं, "चालू करा."