गोदूबाईचे हात

“अक्का, परत दाबलासा काय?” चैत्रानं गोदूबाईचं मनगट धरून हात गालावरून बाजूला केला. सुजलेल्या डाव्या गालावर बोटांचे लाल ठसे उमटले होते.

“दाबल्याबिगर सूज हटंल कशी?”

“दाबल्यानंच वाढलीय.” सुजेवर उपचार करणारी चैत्रा बेळगावची, म्हणून या कानडी शहरातल्या दवाखान्यात गोदूबाईशी मराठीतच बोलायची. “घरी तेल लावून रगडतासा, होय की नाही? खरं सांगा.”

गोदूबाईनं हात पदराखाली घेतले. रोज सकाळी खोबरेल घेऊन ती गाल रगडत होती. दुसरं तिला येतच नव्हतं. राजाजीनगरातल्या मराठी घरांतून बाळ-बाळंतिणींना तेल लावून न्हाऊ घालण्यात तिचा जन्म गेला होता. तिचा हात जोरकस म्हणूनच बाया तिची वाट बघत. मिश्री लावून लावून जबड्यात कर्करोग झाला, मग ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले. चेहरा मात्र सुजलेलाच राहिला. सकाळी तर डावा डोळाही धड उघडत नसे.

“हे बघा,” चैत्रा तिच्यासमोर स्टूल ओढून बसली. “आपल्या कातडीखाली पाणी असतंय. ते मानेतल्या बारीक गाठींतून खाली उतरतंय. तुमच्या डाव्या बाजूच्या गाठी डॉक्टरांनी काढल्या. मग पाणी जाणार कुठं? गालातच तुंबलं. म्हणून गालाला आधी हातच लावायचा नाही. आधी सावकाश श्वास. मग गळ्याच्या हाडाच्या वर, मग चांगल्या बाजूची मान. वाट मोकळी झाली की मग गाल. आणि स्वल्प, अगदी हलकं. दुधावरची साय न फाटता सरकवतो, तेवढंच.”

“एवढ्यानं काय व्हतंय?”

“करून बघा की.”

गोदूबाईनं गळ्याच्या हाडावर बोटं टेकली. नुसती कातडी हलवायची. तिची बोटं आपोआप आत रुतायला लागली तशी चैत्रानं पुन्हा हात उचलला. रागावली नाही. पुन्हा टेकवला.

“सोमवारी मला न्हाणीला जायचंय,” गोदूबाई म्हणाली. “तवर उतरंल?”

“थोडी उतरंल. सगळी नाही. रोज करावं लागतंय, अक्का.”

आजारानंतर एका घरी ती गेली होती. त्या घरच्या सुनेनं तिचं तोंड पाहिलं, आतून ठरल्यापेक्षा वीस रुपये जास्त आणून दिले आणि बाळ दाखवलंच नाही. त्यानंतर कुणी बोलावलं नाही. आता एकच घर उरलं होतं, नीलिमाताईंचं. त्यांच्या लेकीला, स्वानंदीला, तान्ही असताना तिनंच न्हाऊमाखू घातलं होतं, आणि आता स्वानंदीला मुलगा झाला होता. आजाराचं तिनं फोनवर काही सांगितलं नव्हतं. तेही घर सुटलं, तर हे काम सुटलंच.

सोमवारी ती एचएसआर लेआउटच्या फ्लॅटवर पोचली तेव्हा तोंडावर मास्क होता. नीलिमाताईंना ते आवडलं.

“बरं केलंत. हल्ली कुणाला एवढं कळतं? आता काढा, चहा घ्या.”

गोदूबाईनं मास्क काढला.

नीलिमाताईंनी कप पुढे केला होता, तो तसाच हातात राहिला. “अगं बाई. हे कधी?”

“झालं वरीस. कॅन्सर व्हता. आता न्हाई. पसरायचा रोग न्हवं, ताई.”

“नाही हो, तसं कुठे...” त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. “आज असं करू या का, बाळाला जरा सर्दी वाटतेय. मी कळवते तुम्हाला. चालेल ना, सरी?”

स्वयंपाकघरात गॅसवर न्हाणीचं पाणी उकळत होतं. दोघींनाही ते ऐकू येत होतं.

“सरी,” गोदूबाई म्हणाली. बसमधल्या धक्क्यांनी आणि उन्हानं गाल ताणून आला होता. “मग जरा बसते इथं. तोंड वढलंय.”

सोफ्याशेजारी फरशीवर बसून तिनं डोळे मिटले. श्वास घेतला. गळ्याच्या हाडावर बोटं टेकली, मग मानेवर, मग गालावर. बोटं हलतायत की नाही, हेसुद्धा नीट पाहिल्याशिवाय कळत नव्हतं.

डोळे उघडले तर दारात स्वानंदी उभी होती, बाळ खांद्यावर.

“गोदूअक्का, तुझा हात आणि इतका हलका?”

“शिकवलं एका पोरीनं.”

“आई सांगते, तू मला लावायचीस तेव्हा तिसऱ्या मजल्यापर्यंत आवाज जायचा.”

“जायाचाच. जीव व्हता तुज्या नरड्यात.”

स्वानंदी हसली नाही. “आमचे डॉक्टर म्हणाले, बाळाला रगडायचं नाही. मी आईशी दोन दिवस तेच भांडतेय. असा लावशील हात? ह्याला?”

“स्वानंदी,” नीलिमाताई हलक्या आवाजात म्हणाल्या.

“आई, पाणी उतरव ना गॅसवरून.”

न्हाणीघरात गोदूबाई पाटावर बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं आणि पाय लांब केले. स्वानंदीनं बाळाला तिच्या नडग्यांवर पालथं ठेवलं. गोदूबाईनं तळहातावर तेल घेतलं आणि ते बराच वेळ नुसतंच चोळून ऊन केलं. मग हात टेकवला. तिचे सवयीचे अंगठे आत जायला निघाले, आणि थांबले. बाळ रडलं नाही. नीलिमाताई तांब्यानं पाणी सोडत राहिल्या.

न्हाणं झाल्यावर तिनं त्याला उचलून तोंडासमोर धरलं. त्यानं ओली मूठ हलवली.

गोदूबाई त्याच्याकडे बघतच होती. मूठ आपल्या डाव्या गालाला लागली, हे तिला कळलं ते हनुवटीवरून पाणी गळ्यावर ओघळलं तेव्हा. त्या गालाला ऑपरेशनपासून काही कळत नव्हतं. तिनं बाळाला उजव्या गालाशी घेतलं, आणि थोडा वेळ तसंच धरलं.